जखम दिसते, लढाई दिसत नाही

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला पडद्यावर आला. त्याआधीचे काही आठवडे महाराष्ट्रात एकच वाद गाजत होता. ट्रेलरमध्ये छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर मंत्र्यांपासून संघटनांपर्यंत अनेकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकलं. चित्रपट लागल्यावर शिर्के घराण्यातल्या मंडळींनी गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर आक्षेप घेतला, तेव्हाही दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. पण ज्या भागामुळे हा चित्रपट लोकांच्या मनात रुतून बसला, त्या शेवटच्या छळाच्या दृश्यांबद्दल असा एकही प्रश्न जोरात विचारला गेला नाही. डोळे, जीभ, नखं, जखमांवर मीठ, हे सगळं जवळून आणि सावकाश दाखवलं गेलं आणि प्रेक्षागृहं सुन्न झाली. राजा लेझीम खेळला असेल की नाही, यावर आपण इतिहासाची साक्ष काढली. त्याचे हाल किती वेळ, किती जवळून आणि कुठल्या आधारावर दाखवायचे, हे मात्र आपण निर्मात्यांवर सोडून दिलं.

युद्धपटात हिंसा दाखवू नका, असं माझं म्हणणं नाही. युद्ध दाखवायचं आणि रक्त झाकायचं, ही लबाडीच ठरेल. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत हिंसेलाच खरेपणाचा पुरावा म्हणून उभं केलं जातं. जखम जितकी हुबेहूब, तितका चित्रपट इतिहासाला धरून, असं प्रेक्षक मनातल्या मनात मान्य करून टाकतो. एकदा ते मान्य झालं की लढाई कशासाठी झाली, कोण कुठल्या बाजूला होता, पैसा कुठून आला, माणसं का फुटली, हे विचारायचं राहूनच जातं. शरीराचा तपशील अस्सल असतो आणि घटनेचं कारण मात्र कथेच्या सोयीनं बेतलेलं असतं.

संभाजी महाराजांच्या अखेरीबद्दल साधनं काय सांगतात, ते आधी पाहू. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानानं संगमेश्वरला महाराजांना आणि कवी कलशांना पकडलं. तिथून त्यांना बहादूरगडावर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावला, औरंगजेबाच्या छावणीत आणलं. विदूषकाचा वेश, डोक्यावर लाकडी टोपी, घुंगरं, उंटावर बसवून काढलेली धिंड आणि भोवती वाजणारे ढोल, असं वर्णन येतं. पुढे डोळे काढले गेले, जीभ छाटली गेली आणि ११ मार्चला भीमेकाठी तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांची हत्या झाली. म्हणजे छळ चित्रपटानं पदरचा घातलेला नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. पण साकी मुस्तैदखान असो, ईश्वरदास नागर असो की खाफीखान, ही सगळी माणसं मोगली दरबाराच्या वर्तुळातली. त्यातल्या काहींनी घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलं आहे आणि छळाबद्दल त्यांनी लिहिलेला मजकूर थोडका आहे. तपशीलही सगळीकडे सारखे नाहीत. त्या थोडक्या ओळींमधल्या मोकळ्या जागा चित्रपटानं क्षणाक्षणानं भरल्या. हा भराव कल्पनेचा आहे. प्रेक्षक मात्र नेमका तोच भाग सर्वांत खरा समजून घरी जातो.

आता याच्या उलट बाजूला काय आहे ते पाहा. ज्या भागाची कागदपत्रं भरपूर आहेत, तो भाग पडद्यावर आक्रसतो. संभाजी महाराजांनी नऊ वर्षं राज्य केलं आणि ती सगळी वर्षं लढाईत गेली. १६८१मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्यांच्या आश्रयाला आला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, म्हैसूरचा चिक्कदेवराय आणि खुद्द दख्खनेत उतरलेला बादशहा, अशा चौफेर लढाया एका लहान राज्यानं चालवल्या. हे निभावलं कसं, हा खरा थरारक प्रश्न आहे. त्याचं उत्तर किल्ल्यांच्या रसदेत, वसुलीत आणि वतनांच्या राजकारणात सापडतं. शिर्क्यांचं प्रकरण याच वतनांशी जोडलेलं आहे. देशमुखांना वंशपरंपरेनं वतनं द्यायची नाहीत, हे शिवाजी महाराजांपासूनचं धोरण. औरंगजेब मात्र फुटून येणाऱ्याला वतनाची सनद द्यायला तयार. त्या ओढाताणीत किती घराणी इकडून तिकडे गेली आणि परत आली. महाराजांच्या अटकेत गणोजींचा हात किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले, तेव्हा याच गणोजींनी मदत केली आणि त्यासाठी खंडो बल्लाळांनी दाभोळच्या वतनावर पाणी सोडलं, ही हकीकत तर प्रसिद्धच आहे. माणूस एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना का उभा राहतो, हे यातून कळतं. पडद्यावर त्याचं रूपांतर एका कपटी चेहऱ्यात होतं. फितुरी हा स्वभावदोष ठरला की त्यामागची व्यवस्था दाखवायची गरजच उरत नाही.

ही खोड फक्त आपली नाही. मेल गिब्सनचा 'ब्रेव्हहार्ट' १९९५मध्ये आला आणि त्यातल्या लढायांच्या रक्तबंबाळ खरेपणाची जगभर वाहवा झाली. त्यात १२९७ची स्टर्लिंग ब्रिजची लढाई आहे, पण पूलच नाही. प्रत्यक्षात त्या अरुंद पुलावरून इंग्रज सैन्य थोडं थोडं पलीकडे येत होतं. निम्मं सैन्य उतरल्यावर स्कॉट लोकांनी पुलाचं टोक अडवलं, म्हणून लहान फौज जिंकली. पूल काढला की विजयाचं कारणच निघून जातं. उरतं ते मोकळं मैदान, चिखल, तुटलेले हात आणि नायकाचं भाषण. त्या चित्रपटातल्या जखमा खऱ्या वाटतात, लढाई मात्र झालीच नव्हती अशी आहे. आपल्याकडे २०२०च्या 'तान्हाजी'मध्ये सिंहगडाच्या लढाईत 'नागीण' नावाची अजस्र तोफ आणून बसवली, तीही याच जातीची. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कडा चढून जाणारे मावळे हा प्रसंग स्वतःच इतका विलक्षण आहे, की त्याला तोफेचा टेकू कशाला हवा होता?

कोपरगावच्या वाचकाला हे समजायला लांब जायची गरज नाही. सालबाईच्या तहानंतर, म्हणजे १७८२नंतर, राघोबादादा गोदाकाठी आपल्या गावात येऊन राहिले आणि १७८३च्या डिसेंबरात इथंच वारले. त्यांचा वाडा अजून गावात उभा आहे. ज्या घटनेनं त्यांचं नाव कायमचं काळवंडलं, ती ३० ऑगस्ट १७७३ची नारायणराव पेशव्याची हत्या आहे. त्या दुपारी शनिवारवाड्यात गारदी घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करत. राघोबादादा नजरकैदेत होते, कारभाऱ्यांत गट पडले होते, घरातलं वैर वर्षानुवर्षं धुमसत होतं. अठरा वर्षांचा पेशवा काकांच्या पायाशी धावला आणि तिथंच कापला गेला. त्याला वाचवायला आडवा पडलेला चाफाजी टिळेकरही मारला गेला. आज कुणी यावर चित्रपट काढलाच, तर दालनादालनांतून धावणारा पोर आणि त्याच्यामागे नंगी तलवार हा प्रसंग दहा-पंधरा मिनिटं चालेल. गारद्यांचा पगार का थकला होता, याला अर्धं मिनिटही मिळणार नाही. लोकांच्या स्मरणानं तरी वेगळं काय केलं? आनंदीबाईंनी हुकुमातलं एक अक्षर फिरवलं, ही आख्यायिका तेवढी उरली आणि राज्यकारभाराचं अपयश एका बाईच्या माथी बसलं.

मराठी कलावंतांनी मात्र याच प्रसंगाला एकेकाळी फार प्रौढपणे हात घातला होता. कृ. प्र. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९चं, आणि गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४चा. चित्रपटाचं नाव मारल्या गेलेल्या पेशव्याचं नाही, मारणाऱ्याचंही नाही. ते चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाचं आहे. खून कसा झाला यापेक्षा खुनाचा जाब सत्ताधीशाला विचारता येतो का, हा त्या कलाकृतींचा प्रश्न होता आणि तो प्रश्न प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला त्याच्या काळाशी जोडून घेता येत होता. पडद्यावर रक्त कमी असलं म्हणून हत्येचं गांभीर्य कमी झालं, असं त्या चित्रपटाबद्दल कुणी म्हणणार नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ते तर शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. सावकारी पत्रात मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची गणतीच नसल्याचा मजकूर होता. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ते पत्र मराठी घरांत सांगितलं जातं आणि त्यात रक्ताचा एक थेंब नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, 'छावा' तर शिवाजी सावंत यांच्या १९७९च्या कादंबरीवर बेतलेला आहे, कलावंताला स्वातंत्र्य हवंच. हवंच, यात वाद नाही. पण मग ते स्वातंत्र्य म्हणूनच मागावं. आजची रीत अशी आहे की चित्रपट सुरू होताना काळ्या पाटीवर बारीक अक्षरांत 'कुणाशी साधर्म्य आढळल्यास' वगैरे मजकूर झरकन सरकतो आणि जाहिरातीत, मुलाखतीत, पोस्टरवर मात्र लपवलेला खरा इतिहास पहिल्यांदाच दाखवतो आहोत, असा दावा होतो. कोर्टात कल्पना आणि तिकीटखिडकीवर सत्य, असे दोन्हीकडचे फायदे घेता येणार नाहीत. कादंबरीकारानं निदान वाचकाच्या मनात दृश्य उभं करण्याचं काम वाचकावरच सोडलेलं असतं. चित्रपट ते काम स्वतः करतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर जे घडतं, ते त्याला आठवणीसारखं चिकटतं. म्हणून त्याची जबाबदारी जास्त.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. राजानं जे सोसलं ते आम्हाला पाहता येत नसेल, तर त्याच्या बलिदानाची किंमत आम्हाला कळलीच नाही, असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. कित्येक जण चित्रपटगृहातून अनवाणी, हात जोडून बाहेर आले. पण बलिदानाची किंमत वेदनेच्या मापानं ठरत नाही. काय वाचवण्यासाठी ती वेदना सोसली, यानं ठरते. राज्य कसं होतं, त्यातल्या रयतेला काय मिळत होतं, राजा पडल्यावर ते राज्य कोसळलं का नाही, हे कळल्याशिवाय छळाची दृश्यं फक्त चीड निर्माण करतात. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर औरंगजेब अठरा वर्षं जगला आणि ती सगळी वर्षं दख्खनेतच घालवून १७०७मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या भिंगारला मेला. पेडगाव ते भिंगार या दोन गावांच्या मधोमध त्याच्या पराभवाची सगळी गोष्ट आहे. राजाराम महाराज, संताजी, धनाजी, ताराबाई, खजिना रिकामा असताना सनदांवर लढलेल्या फौजा. त्या अठरा वर्षांत बलिदानाचा अर्थ सापडतो. आपले मोठे चित्रपट मात्र १६८९च्या मार्चमध्ये संपतात, कारण तिथं अश्रू असतात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. चुकीच्या चित्रणाची सर्वांत जास्त झळ ज्या मराठी राजाला बसली, तो संभाजी महाराजच होय. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपासून व्यसनी, उच्छृंखल राजपुत्र ही प्रतिमा पुढे चालत आली आणि नाटककारांनी ती रंगभूमीवर गडद केली. ती पुसली कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं कागद धुंडाळून १९६०मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं, त्यानंतर कमल गोखले यांनी अभ्यास केला. पत्रं, फर्मानं, पोर्तुगीज नि इंग्रज दप्तरं, खुद्द महाराजांचा 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ, यांच्या आधारावर ही प्रतिमा बदलली. एका अतिरंजित नाटकाला दुसऱ्या अतिरंजित नाटकानं उत्तर दिलं असतं, तर आज आपण दोन खोट्या संभाजींमध्ये भांडत बसलो असतो.

खरेपणाचा आग्रह धरायचा तर तो आपल्या बाजूच्या हिंसेलाही लागू करावा लागेल, आणि इथं सगळ्यांची पावलं अडखळतात. १६८१च्या सुरुवातीला मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटलं. सुरत जशी लुटली, तसंच हेही शत्रूचा खजिना आपल्या लढाईसाठी वापरण्याचं राजकारण होतं. त्या काळाच्या युद्धनीतीत ते बसत होतं. पण त्या पेठांत राहणारे सराफ, कारागीर, हमाल ही माणसंच होती आणि तलवार चालली की ती कुणाच्या तरी अंगावर पडतेच. पडद्यावर आपले वार फक्त सैनिकांना लागतात, त्यांचे वार मात्र बायकामुलांना. कोपरगावचंच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४चा दुष्काळ यांनी हा मुलूख पिळून निघाला, भिल्लांनी बंड केलं. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं त्यांना बोलावून घेतलं आणि दगा देऊन मोठ्या संख्येनं मारलं. त्यांना विहिरींत टाकल्याची नोंद ब्रिटिशकालीन अहमदनगर गॅझेटियरमध्ये आहे. हे परक्या बादशहानं केलेलं नाही. आपल्या राज्याच्या अधिकाऱ्यानं, आपल्या गावात, आपल्याच मुलखातल्या गरीब माणसांवर केलं. गावात राघोबादादांचा वाडा दाखवायला माणसं मिळतात. या भिल्लांबद्दल गावात क्वचितच कुणी बोलतं आणि त्यांच्यावर युद्धपट कुणी काढणार नाही.

असं काही दाखवलं तर मराठ्यांची बदनामी होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना धाडलेलं पत्र एकदा पूर्ण वाचावं. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा जपून वापरा, तो आधीच उडवलात तर पुढे कुणब्यांच्या घरातून दाणे, गवत, लाकूडफाटा उचलायला लागाल, मग रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत राजा उतरतो. आपलं सैन्य रयतेवर हात टाकू शकतं, हे त्याला माहीत होतं आणि ते लिहायला त्याला लाज वाटली नाही. ज्या राजानं स्वतः ही शंका कागदावर उतरवली, त्याच्या नावानं निघणाऱ्या चित्रपटांना ती दाखवायला भीती का वाटावी? पेटती वात ओढणारा उंदीर आणि त्याची काळजी करणारा छत्रपती, हे दृश्य कुठल्याही तलवारबाजीपेक्षा त्या राज्याबद्दल जास्त सांगून जाईल.

१७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं की 'छावा'मुळे औरंगजेबाविषयी लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्या आहेत. दंगलीचं खापर एका चित्रपटावर फोडणं मला मान्य नाही. औरंगजेबाच्या कबरीचं राजकारण चित्रपटाच्या आधीपासून चालत आलं आहे, अफवा आणि गट त्याआधीही होते. तरीही सरकारच जर चित्रपटाचा एवढा परिणाम मान्य करत असेल, तर पुढचा प्रश्न सरकारनंच विचारायला हवा होता. 'छावा'ला 'यूए १६+' असं प्रमाणपत्र मिळालं. या वर्गाचा अर्थ सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, असा नाही; पालकांनी ठरवावं, एवढाच आहे. पालकांनी ठरवलं आणि पहिली-दुसरीतली पोरं घेऊन कुटुंबं गेली, ठिकठिकाणी मोफत खेळ लावले गेले. पडद्यासमोर रडणाऱ्या चिमुरड्यांच्या चित्रफिती मोबाइलवर कौतुकानं फिरल्या. सहा वर्षांच्या मुलाच्या रडण्यात देशभक्ती शोधणं मला क्रूर वाटतं. त्या मुलाला संभाजी महाराज समजलेले नसतात, जिवंत माणसाचे डोळे काढले जातात एवढंच त्यानं पाहिलेलं असतं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. ऐतिहासिक म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी, नामावलीच्या आधी आणि वाचता येईल अशा अक्षरांत, कुठला प्रसंग कुठल्या साधनावर बेतला आणि कुठला लेखकानं रचला, हे सांगितलं जावं. यानं कुणाचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. लांबलेल्या छळाच्या दृश्यांना प्रमाणन मंडळानं प्रौढांसाठीचंच प्रमाणपत्र द्यावं, मग नायक कितीही पूज्य असो. शाळांनी अशा चित्रपटांच्या सहली काढू नयेत. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी पोरांना पेडगावच्या किल्ल्यावर न्यावं आणि तिथं त्यांच्या वयाला झेपेल तेवढंच, पण खरं सांगावं. आणि लेझीमच्या दृश्यावरून निर्मात्यांच्या दारात गेलेल्या संघटनांनी पुढच्या वेळी वतनाचा, पगाराचा, रसदेचा प्रसंग का गाळला, हे विचारायलाही तितक्याच हिरिरीनं जावं. एक नाच काढून टाकायला लावण्याइतकी ताकद आपल्या प्रेक्षकांत आहे, हे निर्मात्यांना आता पुरतं कळलं आहे.